डॉक्टर असतो का, विचार

दुपारच्या शांततेत चेन ओढल्याचा आवाज आला. लांब, सलग, खरखरीत. आमच्या घरात एवढी लांब चेन एकाच वस्तूला आहे आणि ती वस्तू दिवाणाच्या पोटात, जुन्या गोधड्यांच्या खाली असते. मैथिली झोपली म्हणून मी लिहायला बसले होते. पेन तसंच टाकून उठले.

"मैथू, काय काढलंस?"

आत जाऊन बघितलं तर दिवाणाची फळी उभी, गोधड्या फरशीवर, आणि त्या ढिगात ती बसलेली. मांडीवर माझा रेसिंगचा सूट. काळा, खांद्यांवर पांढरे पट्टे, गुडघ्यांवर प्लॅस्टिकच्या जाड चकत्या. चांगला जड असतो तो. पाच वर्षांच्या पोरीनं एकटीनं ओढून काढला याचं मला आधी कौतुकच वाटलं.

"हा कुणाचा ड्रेस?"

"माझा."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. गाऊन, कोपराला वाळलेली कणीक, डोक्यात क्लिप. मग खदखदून हसली.

"खोटं! बाबांचाय."

"बाबांना होईल का एवढा? धरून बघ की."

तिनं बाही ताणून बघितली, कंबर बघितली, आणि तिला ते पटलं असावं. "मग तू घालत का नाहीस?"

"घातला होता एकदा."

"कुठं गेलीस घालून?"

"हिरेवाडीला."

मग मी तिला त्या सूटच्या आत बसवलं आणि चेन हळूच तिच्या हनुवटीपर्यंत ओढली. हात बाह्यांमध्ये हरवले, पाय हरवले. "मी हत्ती," असं म्हणून ती फरशीवर लोळायला लागली. मी उंबऱ्यात बसून बघत राहिले.

हिरेवाडी मीच निवडली होती. सगळ्यांच्या देखत.

ते वर्ष आमच्या लग्नाचं पहिलं. नवरात्राच्या आधीचा रविवार होता. पुढच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो: मी, संग्राम आणि त्याचा मित्र सुहास. संग्राम म्हणजे माझा नवरा. त्यांची शिरोलीला फाउंड्री आहे. रविवारी पहाटे पाचदहा जणांनी बाइकवर पन्हाळा करायचा, येताना कोल्हापुरात मिसळ खायची आणि दुपारपर्यंत गाड्यांवर बोलत बसायचं, असा त्यांचा ग्रुप. लग्नाआधीपासून मीही त्या ग्रुपमध्ये गाडी चालवायची. पप्पांचं गडहिंग्लजला मोटार ड्रायव्हिंग स्कूल. मला पाटीपेन्सिलीच्या आधी क्लच कळला. संग्रामला मी पहिल्यांदा दिसले ती आंबा घाटात, त्याला वळणाच्या बाहेरून मागे टाकताना. हे तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. लग्नाआधी सांगायचा.

डिसेंबरात पुण्याच्या एका रेसिंग टीमची मुलींची निवड होती. अट एवढीच, की आधी एक ट्रॅक डे केलेला हवा. म्हणजे रेस नव्हे. आपापली गाडी घेऊन जायचं, बंद ट्रॅकवर दिवसभर फिरवायची, आणि प्रत्येक चकरेची वेळ नोंदवतात. मी हा विषय घरात काढला तेव्हा सासूबाई ताटावरून उठल्या होत्या. संग्राम मात्र मिसळीच्या टेबलावर, सगळ्या ग्रुपसमोर म्हणाला होता, "जाऊ दे की तिला. पण आधी ट्रॅकवर माझ्यापेक्षा फास्ट चक्कर मारून दाखवायची. मग मी स्वतः सोडतो पुण्याला." पोरांनी टेबलं बडवली. "भावा, गेलास तू!" त्यानं माझ्यापुढे हात केला आणि मी टाळी दिली.

तर त्या रविवारी कुठला ट्रॅक, हे ठरवायला बसलो होतो.

"कारखान्याच्या धावपट्टीवर करून टाका," सुहास म्हणाला. साखर कारखान्याच्या मालकांचं विमान कधीकाळी जिथं उतरायचं ती पट्टी तशीच पडून होती. पोरं तिथं प्लॅस्टिकचे कोन मांडून वळणं करायची. "गेटवर आपला माणूस आहे. कोण विचारत नाही, कोण अडवत नाही."

"बेस्ट," संग्राम म्हणाला. "सकाळी जाऊ, दुपारी जेवायला घरी."

"सुहासभावजी, त्याला ट्रॅक म्हणत नाहीत," मी म्हणाले. "टीमवाले हसतील मला. मी कोइमतूर म्हणतेय."

"वा! सासरी एवढे लाड?"

मी मोबाइलवर त्यांना कोइमतूरचा व्हिडिओ लावून दाखवला. मला तो ट्रॅक का हवा होता हे संग्रामलाही कळत होतं. तिथं वळणं फार, सरळ रस्ता थोडा. माझी गाडी दोनशे सीसीची, त्याची जवळजवळ दुप्पट. सरळ रस्त्यावर तो मला कधीही खाऊन टाकेल, पण वळणात गाडीची ताकद नाही, हात चालतो.

"आणि तिसरा हा, हिरेवाडीचा," सुहासनं त्याच्या मोबाइलवर फोटो उघडून दाखवला. निपाणीच्या पुढे, माळावर नवीनच झालेला ट्रॅक. "जवळ आहे, चकचकीत आहे. पण वहिनी, ह्याचा सरळ भाग बघा. गावापर्यंत जातोय."

"मग हा नकोच," मी म्हणाले, आणि तिघंही हसलो.

"तुझा ट्रॅक, तू निवड," संग्राम म्हणाला. "कोइमतूर तर कोइमतूर. हरायचंच आहे तर लांब जाऊन हरतो." हे तो मनापासून म्हणाला होता. मला आजही तसंच वाटतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली. "संग्राम, जरा आत ये रे."

तो गेला. सुहास आणि मी कोइमतूरची वळणं मोजत बसलो. आतून बोलल्याचा आवाज येत नव्हता, नळ तेवढा सोडलेला ऐकू येत होता. तो परत आला तो माझ्या शेजारी बसला नाही. समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "कोइमतूरला डॉक्टर असतो का, विचार."

"अँब्युलन्स असतेच सगळीकडे."

"अँब्युलन्स नाही. आधी तपासतात का. गाडीवर बसायच्या आधी."

सुहासनं मांडीवर थाप मारली. "का रे, आत्ताच बीपी वाढलं काय?"

"माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी विचारतोय. बायको आहे माझी."

लग्नानंतर त्या घरात माझी काळजी कुणी मोठ्यानं बोलून दाखवली नव्हती. सासूबाईंच्या तोंडी माझ्या गाडीचं नावसुद्धा यायचं नाही, त्या 'ते' म्हणायच्या. 'ते आत घे, पावसात भिजेल.' आणि हा माणूस मित्रासमोर म्हणत होता, बायको आहे माझी. मी तिथल्या तिथं कोइमतूरला फोन लावला. मोडक्या हिंदीत एक जण म्हणाला, एका कागदावर सही घेतो, की मी ठणठणीत आहे.

"नुसती सही?" संग्राम म्हणाला. "मग काय उपयोग? आणि धावपट्टीवर तर आनंदच आहे. हिरेवाडीला विचार की."

हिरेवाडीचा माणूस मात्र फोनवर अगदी रंगात आला. "ताई, आमच्याकडं डॉक्टरनं बघितल्याबिगर गेट उघडत न्हाई बघा. बीपी, नाडी, आजार, गोळ्या, सगळं. डॉक्टर न्हाई म्हटली की मालकालासुद्धा सोडत न्हाई."

मी ते शब्द जसेच्या तसे संग्रामला ऐकवले. तो नुसता मान हलवत होता.

"तू ठरव," तो म्हणाला. "मी काही बोलत नाही."

"वहिनी, येड्यासारखं करू नका," सुहास म्हणाला. "हिरेवाडीला हा तुम्हाला सरळात सोलून काढेल. कोइमतूर घ्या."

मी संग्रामकडे बघितलं. तो खाली बघून नखानं पँटवरचा मिसळीचा डाग खरवडत होता. मला भरून आलं.

"हिरेवाडी," मी म्हणाले.

"का हो?"

"जवळ आहे."

खरं कारण सुहाससमोर सांगण्यासारखं नव्हतं. माझी कुणाला तरी काळजी वाटली होती, आणि त्या बदल्यात मी त्याला तो लांबलचक सरळ रस्ता देऊन टाकला होता.

मग तयारी. मी हिरेवाडीच्या व्हिडिओंची पारायणं केली. गच्चीवर खडूनं ट्रॅक काढून त्याच्यावरून चालायची. कुठं ब्रेक, कुठं गिअर, कुठं नजर. कणीक मळताना हात वळणं घ्यायचे. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मध्येच पेट्रोलचा वास नकोसा व्हायला लागला, सकाळी तोंडाला पाणी सुटायचं. भीती असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पहिला ट्रॅक आहे, पोटात गोळा येणारच.

आमच्या घरात देवघरातला दिवा सुनेनं लावायचा असतो. महिन्याची अडचण आली की सासूबाईंना सांगायचं, मग ते चार दिवस त्या लावतात. घट बसले. मी रोज दिवा लावत होते. सासूबाई मागे दाराशी उभ्या राहून बघायच्या. वात तिरकी झाली असेल, हळद सांडली असेल, काहीतरी चुकतंय म्हणून बघतायत, असं मला वाटायचं. पण त्या काही बोलायच्या नाहीत. उलट फार मऊ झाल्या. हातातली बादली काढून घेत म्हणायच्या, "राहू दे, जड आहे." ओलं खोबरं आणि गूळ वाटीत घालून द्यायच्या आणि संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. शेजारच्या पाटीलकाकूंना म्हणाल्या, "जाऊन येऊ दे की एकदा. हौस आहे पोरीची." मी फोनवर आईला सांगितलं, सासूबाई बदलल्या. आई म्हणाली, "बरं आहे. जप मात्र."

खंडेनवमीला फाउंड्रीतल्या मशिनींची पूजा झाली, घरातल्या गाड्यांची झाली. मी अंगणात माझ्या गाडीभोवती रांगोळीनं हिरेवाडीचा ट्रॅक काढला. गुलाल भरला, वळणावळणावर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. पाटीलकाकू कुंपणावरून वाकून बघत म्हणाल्या, "काय गं बाई हे? आतडी काढलीस होय?"

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या.

संग्राम रांगोळीशेजारी उकिडवा बसला. "हे कुठलं वळण?"

"बाभळीचं. इथं घाई करायची नाही. गाडी जाऊ द्यायची, जाऊ द्यायची, बाभूळ खांद्याशी आली की मग आत घ्यायची."

"आणि हे?"

"इथं एक पांढरा दगड आहे. तो दिसला की ब्रेक सोडायचा. लोक इथंच जास्त धरून ठेवतात."

त्यानं एकेक वळण विचारलं आणि मी एकेक सांगितलं. तो बोट रांगोळीच्या वरून, न पुसता, फिरवत होता. ज्याला हरवायचं त्यालाच मी सगळं शिकवत होते आणि मला त्यात लबाडी करावीशी वाटली नाही. बायको नवऱ्याला काहीतरी शिकवतेय आणि तो ऐकतोय. अंगणात, सगळ्यांसमोर.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी दोन्ही गाड्या पिकअपमध्ये बांधून निघालो. सासूबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं गाडीला लावतील, तर मलाच लावलं. संग्रामच्या हातात दोरीनं बांधलेलं एक खोकं दिलं. "तिथं सोड. आधी नाही."

"काय आहे, आई?" मी विचारलं.

"प्रसाद," त्या म्हणाल्या.

हिरेवाडीचा माळ उघडा होता, वारा कानात शिट्ट्या वाजवत होता. आमचा अख्खा ग्रुप बघायला आला होता. "वहिनी, आज बदला!" "संग्रामदादा, रुमाल आणलाय का डोळे पुसायला?" मी सूट घातला. नवा होता, करकरत होता. चेन गळ्यापर्यंत ओढली तेव्हा सुहास म्हणाला, "आयला, भ्यायला झालं बघून." गाडीच्या आरशांच्या जागी नुसती भोकं, दिव्यांवर चिकटपट्टी, ट्रॅकवर नेताना तसं करावं लागतं. आंधळी दिसत होती बिचारी. नाव नोंदवताना मनगटाला हिरवा पट्टा बांधला. तो पट्टा असेल त्यालाच ट्रॅकवर सोडायचे.

डॉक्टरांची खोली म्हणजे पत्र्याची शेड. बाहेर रांग. दार उघडंच, कारण आत वारा नव्हता. डॉक्टर हुक्केरी म्हणून एक वयस्कर बाई होत्या, जाड चष्मा, अंगावर सुती साडी, पायात बूट.

"या. कितवा ट्रॅक डे?"

"पहिलाच."

"भीती वाटते?"

"नाही."

"पहिल्यांदा येणारे सगळे तसंच सांगतात," त्या हसल्या. "दंड द्या."

बीपीसाठी चेन कमरेपर्यंत उघडून सूटचा वरचा भाग मागे सोडावा लागला. बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. आतल्या टी-शर्टवर मी स्टुलावर बसले. संग्राम माझ्या मागेच उभा होता, त्याच्या मागे सुहास, त्याच्या मागे बाकीचे.

"छान आहे. फिट, चक्कर, दमा? काही गोळ्या?"

"काही नाही."

"पाळी वेळेवर? शेवटची कधी आली होती?"

मी तोंड उघडलं. बाभळीचं वळण आलं, पांढरा दगड आला, तारीख येईना.

"म्हणजे... घटांच्या आधी..."

"आधी म्हणजे कधी?"

"अठरा ऑगस्ट," मागून संग्राम म्हणाला.

रांगेत हशा पिकला. "भावा! हे पण पाठ?" सुहास म्हणाला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. चष्म्यावरून त्यांनी संग्रामकडे बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मिस्टर."

"तुम्हाला बरं पाठ."

"लक्ष ठेवावं लागतं, डॉक्टर. हल्लीच्या बायका स्वतःकडे बघतच नाहीत."

डॉक्टरबाईंनी उठून आधी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. मग कपाटातून एक पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. "तिकडं बाथरूम आहे. करून या. सावकाश."

तो सूट एकटीनं उतरवता येत नाही. घामानं चिकटतो. मी तो कसाबसा गुडघ्यापर्यंत ढकलला. पत्र्याच्या त्या खोपटाबाहेर कुणीतरी गाडी तापवत होतं, रेस वाढली की पत्रा, नळ, बादलीतलं पाणी, सगळं थरथरायचं. माझ्या हातातली पट्टीसुद्धा. त्या थरथरीत एक रेघ उमटली आणि तिच्या शेजारी हळूहळू दुसरी. माझी मैथिली मला पहिल्यांदा भेटली ती अशी.

"अभिनंदन," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्या थांबल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "आज गाडी नाही हं, बाळा. रागावू नकोस माझ्यावर." त्यांनी कात्रीनं माझ्या मनगटावरचा हिरवा पट्टा कापला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मी दार उघडून बाहेर आले तेव्हा रांग मोडली होती. सगळे आमच्या पिकअपभोवती जमले होते. संग्राम मागच्या फळीवर चढून उभा होता. सासूबाईंनी दिलेल्या खोक्याची दोरी तो दातानं तोडत होता.

"या रे सगळे! या! बाप होणार तुमचा संग्राम!"

खोक्यात पेढे होते. केशरी, घरी वळलेले, प्रत्येकावर बदामाचा काप. ओरडा झाला, कुणी शिट्टी मारली, कुणी त्याला खांद्यावर घेतलं. अनोळखी रायडरसुद्धा येऊन हात मिळवून गेले. सुहासनं माझ्या हातावर एक पेढा ठेवला. "वहिनी, काय बातमी दिलीत! आणि आम्हाला वाटलं रेस लागणार आज."

मी पेढ्याकडे बघत होते. बदामाचे काप सासूबाई करतात, विळीवर, अगदी पातळ. आदल्या दिवशी केव्हा तरी, मी गाडीची चेन साफ करत असताना, त्या हे पेढे वळत बसल्या होत्या.

सगळे पांगले तशी मी त्याच्याजवळ गेले. तो हातमोजे घालत होता.

"तुला कधी कळलं?"

"मला काय कळतंय? आईला कळलं. घट बसवायचे म्हणून तिनं तुझ्या तारखेचा हिशोब केला, तर तारीख गेलेली. आणि मग तू रोज दिवा लावतच राहिलीस."

"तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"ट्रॅक ठरवत होतो बघ तेव्हा. आत बोलावलं होतं की."

डॉक्टर असतो का, विचार. नळाचा आवाज. पँटवरचा डाग. सगळं माझ्यासमोर उभं राहिलं.

"आणि मला सांगितलं नाहीस."

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. चिडला नव्हता तो. मला समजावत होता.

"घरी सांगितलं असतं तर हे सगळे काय म्हणाले असते? शब्द दिला आणि संग्राम भ्याला. पोट दाखवून बायकोला घरात बसवली. जन्मभर ऐकवलं असतं मला मिसळीच्या टेबलावर. आता मी कुठं बसवलं? डॉक्टरनं बसवलं." मग त्यानं माझी अर्धी उघडी राहिलेली चेन दोन बोटांनी धरून वर ओढली, लहान मुलाची ओढतात तशी. "आणि तुझंही बरंच झालं की, केतकी. हरली तर नाहीस."

मी काय बोलणार होते? पोटात खरंच कुणीतरी होतं. त्या एका गोष्टीपुढे माझी प्रत्येक गोष्ट हट्टाची दिसली असती, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

"वहिनी," सुहास जवळ आला. त्याची त्यालाच लाज वाटत होती. "तुमची वेळ वाया जातेय. म्हणजे... गाडी नुसती उभी आहे, तर..."

"घे की," संग्राम म्हणाला. "तिला काय विचारायचं?"

सुहास डॉक्टरकडून तपासून, पट्टा बांधून, कुणाचा तरी सूट घालून आला आणि माझ्या गाडीवर बसला. हेल्मेट घालता घालता थांबला. "त्या बाभळीच्या वळणाला कितवा गिअर?"

आणि मी सांगितलं. "तिसरा. दुसऱ्यावर अजिबात जाऊ नका. बाभूळ खांद्याशी येऊ द्या, मग आत घ्या. आणि पांढरा दगड दिसला की ब्रेक सोडा."

"दगड दिसला की सोडायचा," तो म्हणाला आणि गेला.

मी सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, सूट अंगातच. उतरवायला मदत लागली असती आणि मला कुणाला हाक मारायची नव्हती. दिवसभर माझी गाडी माझ्यासमोरून जात राहिली. डोळे मिटले तरी कळायचं, आता बाभूळ, आता दगड. संग्राम सरळ रस्त्यावर तिला मागे टाकायचा आणि वळणांमध्ये ती त्याला पुन्हा गाठायची. हातातला पेढा केव्हा चुरला ते कळलं नाही. बोटं खुर्चीखालच्या गवताला पुसली. मुंग्या आल्या.

संध्याकाळी फळ्यावर वेळा लागल्या. सुहासचं नाव संग्रामच्या वर होतं. माझ्या दोनशेच्या गाडीवर, हिरेवाडीला, त्या सरळ रस्त्यासकट. पोरं फळ्याकडे बघत होती. मग एकेकानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे.

"सुहासचं वजन कमी आहे," संग्राम म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ताम्हन घेऊन दारात उभ्या होत्या. मला ओवाळलं. विचारलं मात्र त्याला. "डॉक्टर बोलली ना?"

"बोलली."

"मग झालं."

अंगण धुऊन काढलेलं होतं. नवमीपासून मी जपलेल्या रांगोळीचा गुलाल फक्त फरशीच्या फटीत राहिला होता.

डिसेंबर आला, गेला. पुढच्या वर्षी बघू, असं संग्राम म्हणाला होता आणि पुढच्या वर्षी मैथिली रांगत होती. गाडी सुहासनं नेली. अजून गल्लीतून गेली की मला आवाजावरून कळते. तो वळणाला गिअर लवकर टाकतो.

"आई, अडकली!"

मैथिलीच्या सूटची चेन मध्येच अडकली होती. मी खाली बसून ती सोडवायला लागले. आतून गरम, झोपेचा, पावडरीचा वास येत होता.

"तू हिरेवाडीला गेलीस तेव्हा मी कुठं होते?"

"तू? माझ्या पोटात."

तिनं मान वाकवून सूटच्या आत, स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "ह्याच्या आत?"

"ह्याच्याच आत."

"तुला माहीत होतं?"

"आधी नव्हतं. तिथं गेल्यावर डॉक्टरआजींनी सांगितलं."

तिचे डोळे एकदम चमकले. ही गोष्ट तिला माहीत होती. दर वाढदिवसाला संग्राम ती रंगवून सांगतो, ती त्याच्या मांडीवर बसून ऐकते, आणि शेवटी दोघं मिळून ओरडतात.

"हां! ती पेढ्यांची! बाबा गाडीवर चढले आणि म्हणाले, बाप होणार तुमचा संग्राम! आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले! सुहासकाकांनी चार खाल्ले!"

"हो."

चेन सुटली. तिनं दोन्ही रिकाम्या बाह्या माझ्या गळ्यात टाकल्या, नाक माझ्या नाकाला लावलं.

"आणि तू किती खाल्लेस?"